फुगणारी माती

लव्हेल गावाबाहेर, बिगहॉर्न डोंगरांच्या अलीकडे,
पाऊस झाला की रस्ता बूट मागून घ्यायचा.
दोन पावलांत पायाला चार किलो वायोमिंग.
आई आतूनच ओरडायची : तिथंच काढ!
आणि माझा बाप, ऑरिन, पायरीवर बसून
लोण्याच्या सुरीनं तळवे खरवडायचा,
निघालेली चकती शेजारी ठेवायचा,
गोवऱ्या रचाव्यात तशी.

बुलडोझर होता त्याच्याकडे.
वरचा मुरूम सारला की खाली थर,
पिवळट, मग निळसर, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत.
तो नांगरायचा, उन्हात पसरायचा, उलथायचा,
वाळवण घातलेल्या बाईसारखा
सारखा आभाळाकडे बघायचा.
पुढं भट्टी, चक्की, चाळण्या,
आणि शेवटी पोती शिवणारी बर्निस,
जिच्या पापण्या रविवारीही पांढऱ्या.

ही माती नव्हेच, तो सांगायचा, राख आहे.
पश्चिमेला डोंगर जळत होते,
इथं उथळ समुद्र होता,
त्यात पडत राहिली.
सावडायला कुणी नव्हतं.

तेलविहिरींना जायची तोवर त्याचा रुबाब होता.
ओतशाळांच्या साच्यांना जायची,
गळक्या तळ्यांना लिंपायला जायची.
मग तेलाचा भाव कोसळला,
आणि मुकादम डेल्बर्टनं हुकूम आणला :
आता बारीक चाळा. मांजरांसाठी.
बापानं अर्धा खाल्लेला डबा मिटला.
"दहा कोटी वर्षं," म्हणाला,
"आणि कशासाठी, तर मांजराच्या मुतासाठी."

लारूआत्या मात्र खूश.
तिच्या तरुणपणी तळघरात शेगडीच्या राखेची पेटी असे,
आणि पांढऱ्या गोधडीवर करड्या पावलांची रांग.
वाळू आणावी तर जानेवारीत दगड.
पुढं घरात गॅस आला, राखच संपली,
तेव्हा लाकडाचा भुसा, फाडलेली वर्तमानपत्रं,
मग दुकानातली वाळकी माती, मुलतानीच्या जातीची,
पाणी प्यायची, पण सगळी पेटी ओली करून.
आमची तशी नाही.
आमची फुगते. थेंब पडला की त्याच्याभोवती मिटते,
कुणाचा हात न लागता लाडू वळते.

शेवटची दोन वर्षं बाप माझ्याकडे होता,
डुलुथला, तिसऱ्या मजल्यावर.
नवी पिशवी फोडली की आधी चिमूट त्याला हवी.
दाताखाली धरायचा, थुंकायचा.
"मोंटाना," तोंड वाकडं करून.
एकदा मात्र बराच वेळ चघळत बसला.
"अकरा नंबरचा खड्डा."
मी खरं मानलं नाही. खोटंही म्हटलं नाही.
त्या दिवशी पेटी त्यानंच साफ केली,
गुडघे धरून, एकेक गोळा उचलून,
हातात तोलून.

कचऱ्याची गाडी मंगळवारी येते.
शहराबाहेरच्या त्या मोठ्या खड्ड्याला
तळाशी हीच माती अंथरलेली असते, झिरपू नये म्हणून.
हे त्याला सांगायचं राहून गेलं.

टिप माझं आटोपेपर्यंत थांबत नाही.
मी ओतत असतानाच आत शिरते,
कोपऱ्यात उकरते, थर उलथते,
आणि मान वर करून बघते,
जणू पाळी तिची आहे
आणि मलाच उशीर झालाय.