टाकी

लहानपणापासून दोन्ही कान वाहायचे.
लसूण कढवलेलं तेल ओतून झालं,
बोळे कोंबून झाले,
कानातलं मशीन दोनदा घेतलं, दोनदा ओल लागून मेलं.
शेवटी धुळ्याच्या डॉक्टरांनी एक चिमटा गुडघ्यावर आपटला,
कानापुढे धरला. काही नाही.
कानामागच्या हाडावर टेकवला,
आणि डोक्यात मधमाश्यांचं पोळं हललं.
म्हणाले, ऐकणं जागेवर आहे बाई, वाट तेवढी बुजलीय.
हाडातून जाऊ.

मला यात काय नवीन?
बावीस वर्षं पारोळ्यात गिरणी चालवते,
पेटीला कोपर लावून उभी राहते.
दादर पडलीय की मका, कोपर सांगतं.
पट्टा ढिला झाला की आधी दाढेत कळतं.
सुरतहून लेकाचा फोन आला की
मोबाइल कानाला नाही, कानामागे दाबायचे.
दळणाच्या बायका हसायच्या,
सिंधूताईचा कान सरकला वं!

नाशिकला भूल दिली, ती तेवढ्या जागेपुरती.
डॉक्टर म्हणाले, आवाज येईल थोडा.
थोडा!
माझ्या कवटीत जणू उखा मिस्तरीच बसला होता
दगडाला टाकी लावत.
टाकीचे घाव सोसले की देवपण येतं म्हणतात.
मला कुठं देव व्हायचंय?
गिऱ्हाईक बारीक म्हणालं की जाड,
एवढं कळलं तरी मिळवलं.

मग तीन महिने नुसतं थांबायचं.
ज्वारीच्या दाण्याएवढा खिळा,
हाडाने त्याला आपलं म्हणायला हवं.
नव्या सुनेला घाई करू नये, तसं.
मी त्या कुशीवर झोपले नाही.
हाड माझंच,
पण मला काही विचारत नव्हतं.

खिळ्यावर मशीन टक्कन बसलं
तेव्हा समोरच्या बाईंनी विचारलं, ऐकू येतंय?
मी म्हटलं, येस.
त्या खूश. अरे वा, इंग्रजी!
अहो, अहिराणी बोलले मी.
येस म्हणजे येतं.
पण तो माझा येस किती बारीक निघाला होता.
जन्मभर मला वाटायचं मी ओरडते,
आणि लोक म्हणायचे, जरा मोठ्यानं बोल.

घरी आले. पिठाच्या डब्याचं झाकण
एवढं भांडखोर असेल असं वाटलं नव्हतं.
गिरणी सुरू केली तर मशीन काढूनच ठेवावं लागलं,
तिचं बोलणं मला कोपराकडूनच बरं.

अमावास्येला गिरणी बंद. उखा मिस्तरी आला.
दगड उलटा केला, पायात धरला,
टक् टक् टक्,
आणि दोन घावांच्या मधे
माणसाचा आवाज.

उखा बोलत होता.
पोरगी सासरहून परत आलीय, सांगत होता,
आल्यापासून ताटावर बसते आणि तशीच उठते,
मी विचारत नाही, विचारलं तर सांगेल.
दगडाला सांगत होता. मला सांगत होता.
बावीस वर्षं मी समजत आले, गडी अबोल आहे,
ओठ हलतात ते तंबाखूनं.

मी मान वळवली. त्याची नजर कानामागे गेली.
"मशीन लाई लिधं का?"
"हाव."
टाकी हातातच राहिली.
"मंग आते मी कोनले सांगू?"

दगड अर्धा व्हायचा होता.
मी मशीन काढलं, डबीत घातलं,
डबी तराजूच्या पारड्यात ठेवली,
त्याला दिसेल अशी.
पाठ फिरवून बसले, कोपर दगडाला लावलं.

बऱ्याच वेळाने घाव सुरू झाले.
मधे मधे थांबत होते,
माणूस दम घ्यायला थांबतो
तिथे.