वाचण्यापुरती

सावदा. रात्रीचे पावणेदोन.
काट्यावर केळीचा ट्रक, केबिनमध्ये मी,
आणि पडद्यावर पुन्हा तोच चौकोन:
फाईल दुसरीकडे उघडी आहे.

दुसरीकडे म्हणजे इथेच.
वजनाचा प्रोग्राम दुपारपासून
तिला मांडीखाली घेऊन बसलाय,
एकेक आकडा लिहितोय.
त्याला बंद करू? तर लीलाधर फिरके म्हणतात,
"नको भो, काटा थांबला तं
लाइन फैजपूरलोक जाईन."

मग मी मागणं बदललं.
ताबा नको. एक अक्षर लिहिणार नाही.
तो लिहीत असेल तर लिहू दे.
फक्त वाचण्यापुरती.

उघडली.
इतकी मुकाट्यानं, की मी थोडा वेळ
काही वाचलंच नाही.

चिनावलला थोरल्याच्या कपाटात
बापाची पत्रं आहेत.
नऊ वर्षं मागतोय मी,
माझी म्हणून मागतोय.

शेवटची ओळ गाडीच्या नंबरापाशी तुटलेली.
वजनाची जागा कोरी.
बाहेर हॉर्न वाजला,
ट्रक हलत हलत काट्यावरून उतरला,
केळीची पानं खिडकीला घासून गेली.

तिकडे ओळ पूर्ण झाली असेल.
माझ्या पडद्यावर अजून
अर्धीच आहे.