सकाळची गोळी

अहमदपूर–अंबाजोगाई, सव्वासहाची गाडी.
एकोणीस वर्षं या रस्त्यावर तिकिटं दिली,
एकोणीस वर्षं पाण्याची बाटली
नुसती सोबत नेली.

किनगावच्या स्टँडवरचं कुलूप मला ठाऊक,
त्याची किल्ली कुणाच्या करदोड्याला असते तेही.
घाटनांदूरच्या अलीकडं वेड्या बाभळींचा आडोसा.
तिथं मुनीरभाई काही न विचारता
टायर बघायला उतरायचे, त्यांच्या बाजूनं,
आणि बराच वेळ बघायचे.

मग गुट्टे डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली.
पंधरा दिवसांत पिशवी गप्प.
खड्डा आला, ब्रेक लागला,
सुट्ट्या पैशांवरून कुणी आईबाप काढले,
गप्प.
अंबाजोगाईपर्यंत मी खिडकीशी बसून गेले
आणि बघितलं, करडईला केवढी फुलं येतात.

पण गोळीला कुठं कळतं
नेमकं कुणाला गप्प करायचं.
'पुढं सरका' म्हणायला जावं
तर जीभ टाळूला चिकटलेली.
आणि पोट? पोट संपावर गेलंय,
मागण्यासुद्धा सांगंना.
आज पाचवा दिवस.
सासूबाईंनी एरंडेल दिलं, नणंदेनं काळ्या मनुका.
डेपोतल्या बोधनकर साहेबांना
मी तर काहीच बोलले नव्हते,
त्यांनी इसबगोलाची पुडी टेबलावरून सरकवली
रजेच्या अर्जासारखी, मान वर न करता.
परवाची भाकर आत अशी बसलीय
जसा शेवटच्या सीटवरचा दारुडा,
गाव आलं, उतर म्हटलं
तरी 'कोणतं गाव' विचारणारा.

शेवटी फोन केला. बाई म्हणाल्या,
'या गोळीनं होतं असं. तोंड कोरडं, पोट गच्च.
मनानं बंद करू नका. शुक्रवारी या, दुसरी बघू.
तोवर पाणी पीत जा, सुंदरबाई.
पाणी कमी पडायलंय तुम्हाला.'

हसायला गेले, तर ओठ फाटला.

आज किनगाव सोडल्यावर बाटली काढली.
झाकण बसलेलं घट्ट,
मुनीरभाईंकडून उघडून घ्यावं लागलं.
एक घोट. पुन्हा एक.
चोरून प्यायल्यासारखे.

बाभळी आल्या, सवयीनं गाडी हळू झाली.
मी दोरी दोनदा ओढली.
चला.

पोटात काहीतरी हललं.
का तो खड्डाच होता, कोण जाणे.