खोली क्रमांक एकशे चार

बोरा सुटला की त्रिएस्तेत पूर्वी
रस्त्याच्या कडेनं दोर बांधत.
बाप सांगायचा, बंदरावर पोती उचलणारे गडी
दोराला लोंबकळत कोपरा ओलांडायचे
आणि कुणाला त्याची लाज वाटत नसे.

हे आठवलं परवा,
बाथरूमच्या फरशीवर बसून
भिंतीतली दोन भोकं बघताना.

त्याचं असं झालं.
ग्रात्सहून गेर्लिंडेबाई आल्या, वय एकाहत्तर,
जन्मभर लोकांच्या जमिनी मोजलेल्या.
व्हीलचेअरच्या कप्प्यात औषधं, चष्मा आणि टेप.
येण्याआधी दोनदा फोनवर विचारलं होतं,
दाराची रुंदी किती?
काउंटरवरचा एत्तोरे म्हणाला होता,
सगळी सोय आहे, सिन्योरा.
सगळी सोय म्हणजे
दारावर चिकटवलेलं निळं चाकाचं चित्र.

दार अडुसष्ट. खुर्ची सत्तर.
माझ्या अंगठ्याएवढा फरक,
आणि त्याच्या पलीकडे
नळ, आरसा, साबण, कमोड.

काही धरलं तर त्यांना दोन पावलं टाकता येतात.
त्यांनी टॉवेलची दांडी धरली.
दांडी हातात आली,
टोकाला प्लास्टिकच्या दोन खुंट्या
दुधाच्या दातांसारख्या.
कमोडचं झाकण खाली होतं म्हणून त्या बसल्या,
पडल्या नाहीत.

ती दांडी मीच लावलेली.
टॉवेलाच्या वजनाची.

वाटलं, ओरडतील.
म्हणाल्या, "आधी दार काढ."
तीन बिजागऱ्या सोडवल्या,
दार बोळात उभं केलं
आणि जेवणघरातला लिंबांचा पडदा आणून टांगला.
त्या रात्री पडद्याआड पाणी वाजत होतं
आणि मी बाहेर उगाच
पेटीतले स्क्रू निवडत बसलो होतो.

तेवीस वर्षं मी इथं नळ आवळतो.
या जुन्या पाइपांपुढे केव्हाच हात टेकले होते.
बाईंना मात्र
हात टेकायलाच जागा हवी होती.

सकाळी ड्रिल आणलं.
टाइल, टाइलमागे गिलावा, गिलाव्यामागे वीट.
वीट लागेपर्यंत थांबलो नाही.
नवी दांडी बसवली, पाय उचलून तिला लटकलो,
अठ्ठ्याऐंशी किलो, दुपारच्या जेवणाआधीचे.
दांडी हलली नाही.
मी अभिमानानं मागे पाहिलं.
"चार सेंटिमीटर खाली," त्या म्हणाल्या.

मग शॉवरपाशी टेप लावून,
"हा उंबरा कुणासाठी?"
"पाण्यासाठी."
"पाण्याला उतार पुरतो."

उंबरा अजून तिथंच आहे, खोटं कशाला बोलू.
मालक म्हणतात, पुढच्या हंगामात.

भिंतीला कान असतात म्हणे.
हात असतात असं कुणी म्हणत नाही,
ते आपणच बसवायचे,
तेही कुणाच्या कोपराची उंची
कुठे येते ते विचारून.

राहिली लाल दोरी.
कुणी पडलं तर ओढायची,
फरशीपर्यंत लोंबणारी.
निवेसनं पुसताना मध्ये येते म्हणून
गाठ मारून ती खांद्याच्याही वर बांधली होती.
बाईंनी गाठीकडे नुसतं पाहिलं.
निवेस लाल झाली, दोरीहून जास्त,
आणि नखांनी सोडवत बसली.
वर्षांची गाठ, ओली होऊन वाळलेली.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता घंटा वाजली.
मी तोंडातला घास तसाच ठेवून,
एत्तोरे एका पायात बूट घालून,
मालक गळ्यातल्या रुमालासकट,
सगळे एकशे चारमध्ये.
निवेस मध्यभागी उभी, हातात मॉप,
मॉपला गुंडाळलेली दोरी.
"अडकली," ती म्हणाली.

बाई खिडकीपाशी, मनगटावरचं घड्याळ बघत होत्या.
बाहेर बोरा कुणाचं तरी शटर आपटत होता.
"एक मिनिट चाळीस," त्या म्हणाल्या.
"उशीर झाला. पुन्हा."

आम्ही मुकाट्यानं खाली गेलो
आणि जिन्याशी उभे राहिलो,
कान देऊन.