फुटाला एक सूत

उद्यमनगरात, चौगुल्यांच्या पॅटर्न-शॉपच्या माळ्यावर
गेले तीन रविवार आम्ही एका टिंबावर भांडतोय.
टिंब म्हणजे इन्स्टॉलरच्या चौथ्या पडद्यावरचा गोल,
आधीच भरलेला.
त्याच्यापुढं लिहिलंय: संपूर्ण डिस्क पुसून टाका.
खाली दुसरा, रिकामा: आहे ते ठेवा, शेजारी जागा करा.

तो भरलेला गोल माझा.
सात वर्षांपूर्वी, रात्री दोनला,
कारण पुसलेल्या डिस्कवर काही अडत नाही.
तेव्हा वापरणारे आम्ही तिघंच,
आणि काय पुसतोय हे तिघांनाही माहीत.

संपदा मगदूम म्हणते, टिंब खाली न्या.
इम्तियाज म्हणतो, खाली नेलं की जुन्या मशीनवर
जागा पुरत न्हाई, निम्म्यात लटकतंय,
फोन मला येतात, तुला न्हाईत.
"आणि लोकांनी वाचावं की. मोठ्या अक्षरात लिवलंय."
"गॅस-कनेक्शनच्या कागदावर सही करताना तू वाचलास?"

इम्तियाज गप्प. मग बटणावर घसरतो:
'पुढे' उजवीकडनं मधे का आणलं, कुणाला विचारून,
त्याचा हात सात वर्षं उजवीकडं जातोय.
पडदा काळा का, पांढरा काय वाईट होता?
तास जातो. चहा निवतो.
रंगावर भांडणं सोपं असतं,
रंगानं कुणाचं काही जात नाही.

मी मधे बोलत नाही.
गारगोटीच्या खोत बाईंचा फोन मला आला होता, जूनमध्ये.
शाळेला मिळालेली चार जुनी मशीनं,
बाईंनी पुढे, पुढे, पुढे दाबलं.
तिसऱ्यात अकरा वर्षांच्या स्नेहसंमेलनांचे फोटो होते.
"माझंच चुकलं ओ," म्हणाल्या, "मी वाचलं न्हाई."
त्या माफी मागत होत्या.
मी ती घेतली.

हे माळ्यावर अजून कुणाला सांगितलेलं नाही.

भूपाल चौगुले वर आले, केसात भुसा,
पंखा बंद करा म्हणून सांगायला, आणि थांबले.
कशावर चाललंय ते इम्तियाजनं सांगितलं, आपल्या बाजूनं.
चौगुल्यांनी खिशातनं पट्टी काढली,
माझ्या स्टीलच्या पट्टीला लावून धरली.
त्यांचा फूट माझ्या फुटापेक्षा मोठा.
एक सूत.
"बीड थंड होताना आकसतंय. म्हणून आमची पट्टी अशी.
गिऱ्हाईक बारा इंच म्हणतंय, मी हिच्यावरचं बारा मोजतो,
ओतून निघालं की बरोबर बारा."
"गिऱ्हाइकाला सांगता हे?"
"कशाला? त्यानं विचारलं न्हाई
म्हणून बीड आकसायचं ऱ्हातंय व्हय?"
पंखा स्वतःच बंद करून उतरले.

उकाड्यात ठरलं एकदाचं:
दोन्ही गोल रिकामे.
एक निवडेपर्यंत 'पुढे' करडं, दाबलं तरी मुकं.
इम्तियाज कबूल झाला एका अटीवर,
बटण पुन्हा उजवीकडं.
"बघा मग," म्हणाला, "सोमवारी सकाळी फोन:
बटण मेलंय."

सोमवारी नाही, बुधवारी आला. मलाच.
कागलचा कुणीतरी, आवाज तरुण, वैतागलेला.
"बटणच चालंना झालंय, काय बनवलाय राव."
पडद्यावर काय दिसतंय, मी विचारलं.
तो वाचायला लागला, मोठ्यानं, अडखळत,
संपूर्ण डिस्क
पुसून

आणि थांबला.

"धरा जरा. घरात विचारून येतो."

मी धरला.
पलीकडं दार वाजलं, कुणाला तरी हाक गेली,
इकडं खाली रंधा सुरू झाला.
दुसऱ्या हातानं मी वहीत
गारगोटीचा नंबर शोधत होतो.