पक्कं बिल

दारव्ह्याच्या कोर्टासमोर माझं दुकान.
एक टायपिंगचं मशीन, एक झेरॉक्स,
आणि ताटकळणाऱ्यांनी गुळगुळीत केलेला बाक.

वच्छला ठोंबरे आली ती मार्च सरताना,
शेवयांचा हंगाम तोंडावर,
डोक्यावर पोतं, पोत्यात मोटर.
"वकील कुठी भेटंल जी?"
"कसला पाहिजे?"
"कसला म्हंजे? काळ्या कोटाचा."

भिशी उचलून शेवयांचं मशीन घेतलं होतं तिनं.
आठव्या दिवशी धूर.
अर्धी शेवई आत, अर्धी बाहेर,
आणि शेजारणीच्या रव्याला जळक्या वार्निशचा वास.
दुकानदार म्हणे, गॅरंटी मशीनची, मोटरची नाही.
मोटरवाला म्हणे, तुमच्या गावचं व्होल्टेज खराब.
लाइनमन म्हणे, व्होल्टेजची गॅरंटी कोणी देते काय बाई?

मी बोटानं रांग दाखवली.
पहिल्या टेबलावर धुऱ्याची भांडणं,
दुसऱ्यावर फारकती.
तिसरे साहेब 'मोटर' ऐकून अपघात समजले,
पेन उघडून विचारलं, "मेलं कोण?"
"कोनी नाई मेलं साहेब. मोटर जळाली."
त्यांनी पेन मिटलं, जरा हिरमुसून.
चौथ्यानं फी सांगितली.
"एवढ्यात तं दुसरं मशीन येते."

दुपारी ती परत बाकावर.
भाकर, ठेचा, मांडीशी पोतं.

मला ठाऊक होतं.
मागे, पाण्याच्या टाकीजवळ, एक खोली आहे,
तालुका विधी सेवा समिती अशी पाटी,
बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो.
सकाळीच सांगता आलं असतं.
पण बाकावर बसलेला माणूस म्हणजे दोन-चार झेरॉक्स.
दुकानाला सवय असते.

सांगितलं.

ॲडव्होकेट पायल टेकाम, फार तर सव्वीस वर्षांची,
स्कूटीच्या डिकीतून कोट काढून झटकला,
आधी मोटर पाहिली, मग बाई.
"बिल आहे, मावशी?"
कमरेच्या बटव्यातून निघालं तंबाखूच्या वासाचं चिटोरं:
'शेवई मशिन १ नग. पैसे पोचले.'
शिक्का नाही, सही नाही.
"हे कच्चं आहे."
"कच्चं तं पीठबी असते पोरी. मळून घे."

पायल हसली नाही. विचारत गेली.
पैसे कसे दिले? रोख. कोणासमोर? जाऊ होती.
तारीख? आमच्या नंदाच्या पोरीचं बारसं होतं त्या दिवशी.
मशीनचं खोकं कुठे आहे? नंबर त्यावर असतो.
खोक्यात कोंबडी बसली होती, अंड्यांवर.
"ते उठली का आणतो."
कायदा तेवढे दिवस थांबला.

नोटीस मी टाइप केली.
'सेवेतील त्रुटी' हे शब्द तिला दोनदा वाचून दाखवले.
"त्रुटी म्हंजे आमची चूक नाई नं?"
"नाही. त्यांची."
"मंग ठासून लिहा."

तक्रार आता यवतमाळला, आयोगात.
तारीख पडते, ती एसटी धरते, परत येते.
दुकानदाराचा निरोप आला होता, अर्धे घ्या आणि मिटवा.
"अर्धी मोटर फिरते काय, इचारा त्याले."

हंगाम गेला.
शेवया तिनं पाटावर केल्या, हातानं,
मूठभर माझ्यासाठी, वर्तमानपत्रात गुंडाळून.
त्या दिवशी झेरॉक्स अठरा पानं.
शेवया घेतल्या, पैसेही घेतले.
ती हलेना.
"बिल?"

बावीस वर्षं झाली दुकानाला.
कोणी मागितलं नव्हतं, मी दिलं नव्हतं.
खण उपसला. बिलबुक कुठलं असणार!
शेवटी मशीनला कोरा कागद चढवला,
नाव, तारीख, पानं अठरा, रक्कम,
खाली सही, आणि दुकान उघडताना केलेला तो शिक्का,
शाई वाळलेला.

तिनं कागद उन्हात धरला, तिरपा करून पाहिला.
"पुसट हाय जी," म्हणाली,
"आणखी एक डाव हाना."