आधण

किटली मी थंड होऊ देत नाही.
स्किपर फिर्मिन म्हणतो, ओडिलोन, डिझेल काय तुझा बाप भरतो?
मी कांदे चिरत राहतो.

निउपोर्टचा धक्का सोडून तिसरी रात्र.
अकरावं जाळं पहाटे चारला वर आलं
आणि पट्ट्यावरून सरकू लागले
लेपे, खेकडे, तारामासे, दगड, कुणाचा तरी बूट,
आणि त्यांच्यात तो. वाळूच्या रंगाचा, वीतभर,
पाठीवर काळा पंखा मिटलेला.
आम्ही त्याला पीटरमन म्हणतो,
गल्लीतल्या एखाद्या शिंप्याचं नाव असावं तसं.

तो मेला तरी त्याचे काटे मरत नाहीत.
हे यार्नेला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं?
मला वाटलं वाउटरने.
वाउटरला वाटलं स्किपरने.
स्किपरला वाटलं, पोरगं मच्छीमाराच्या घरातलं,
आईच्या पोटातून शिकून आलं असेल.

यार्ने एकोणीस वर्षांचा.
उजव्या हातमोज्याला तर्जनीपाशी भोक,
त्यावर निळी चिकटपट्टी, खाऱ्या पाण्याने सुटलेली.
नवे मोजे पुढच्या फेरीला, असं ठरलं होतं.
पुढची फेरी ही आमच्याकडची एक जागा आहे.
तिथे सगळं असतं:
नवे मोजे, झोप, डेकवरचा दुसरा दिवा.

काटा घुसला तेव्हा त्याने हूं की चूं केलं नाही.
वीस मिनिटं डाव्या हाताने मासे निवडत राहिला.
आम्हाला वाटलं, चिवट आहे पोरगं.
मग गॅलीच्या दारात आला,
ओठ पांढरे, त्या थंडीत घामाने डबडबलेला,
म्हणाला, ओडिलोन, जरा बसू का?
माफी मागितल्यासारखं,
जणू मासा त्यानेच चावला होता.

बादलीत आधण ओतलं, वर गार पाणी.
तो हात घालायला गेला, मी मनगट धरलं.
थांब.
डसलेल्या हाताला गरम कळत नाही,
त्याच्यापुरती आग आधीच लागलेली असते.
पाणी नेहमी न डसलेल्या हाताने बघायचं.
मी माझं कोपर बुडवलं,
लेकीला आंघोळ घालताना बुडवायचो तसं.
सोसेल इतकं. भाजणार नाही इतकं.

तासभर.
दर दहा मिनिटांनी किटली.
पोरगं रडलं तेव्हा मी पातेली वाजवली.

सकाळी फिर्मिनने नोंदवही उघडली.
'अपघाताचं कारण', दोन बोटं रुंद रकाना.
त्याने लिहिलं: मासा.
पेन तिथंच टाकून वर गेला.

मी माझी करंगळी बघितली,
एकोणऐंशी साली त्याच रकान्यात
तोच मासा लिहून वाकडी राहिलेली.
तेव्हा गरम पाणी नव्हतं. ब्रँडी होती,
आणि ती पाजणाऱ्यांनीच आधी प्यायली.

पेन उचललं.
रकान्यात जागा नव्हती म्हणून समासात लिहिलं,
माझ्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात:
मोज्याला भोक. सलग सतरा तास. एकच दिवा.
सांगायचं कुणी, ते ठरलं नव्हतं.
आणि खाली थोडा कागद उरला होता म्हणून:
त्याला ओरडता आलं नाही.

वर विंच कुरकुरली. तेरावं जाळं.
यार्ने एका हाताने बूट चढवू बघत होता.
बस, म्हटलं,
आणि किटली पुन्हा भरली.